हब चढवताना

शेवरोलेच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या पुढच्या टोकावर हब चढवलेला असतो, पण तो आवळून धरणारा बोल्ट नसतो. २१६ घनइंचांचं हे इंजिन १९३७ ते १९५३ या काळात गाड्यांत बसत होतं. जनरल मोटर्सचा मुंबईतला जुळणी कारखाना शिवडीला होता, १९२८ ते १९५४. त्या काळच्या गाड्या जपणारी मंडळी आजही आहेत, म्हणून असं इंजिन बांधायचं काम आमच्याकडे येतं.

बोल्ट नाही, मग हब टिकतो कशावर? पकडीवर. त्याचं भोक क्रँकच्या टोकापेक्षा किंचित लहान ठेवलेलं असतं; व्हर्नियरवर भागत नाही, मायक्रोमीटरच लागतो. मधली अर्धचंद्र चावी पाहून नव्या पोरांना वाटतं, सगळा जोर तीच पेलते. चावी जागा दाखवते. जोर पेलतो तो भोक आणि शाफ्ट यांचा एकमेकांवरचा दाब. ही पकड सैल झाली की चावीच्या कडा थोड्या थोड्या चेचल्या जातात, खाच रुंदावते, आणि टकटक कानावर येईपर्यंत क्रँकचं टोक कामातून गेलेलं असतं.

शिवाय पंख्याचा पट्टा फिरवणं एवढंच या हबचं काम नाही. लांबलचक क्रँक, त्यावर दर १२० अंशांना एका सिलिंडरचा दणका. प्रत्येक दणक्याला क्रँक पिळला जातो आणि उलटा सुटतो. हबभोवती रबरात धरलेलं जड कडं मागे रेंगाळतं आणि तो पीळ जिरवतं. हबच शाफ्टवर डुलू लागला तर कड्यापर्यंत पीळ नीट पोचतच नाही.

हब चढवायची जुनी रीत हातोड्याची. मला ती मुळीच पटत नाही. घाव हबपाशी थांबत नाही, क्रँकमधून थेट थ्रस्ट बेअरिंगवर जातो, आणि तिथलं बॅबिट मऊ असतं. एवढ्या निगुतीनं मापात आणलेल्या बेअरिंगवर घण घालायचा? त्यापेक्षा क्रँक ग्राइंडिंगला गेला की त्याच फेरीत त्याच्या टोकाला भोक पाडून आटे पाडून घ्यावेत. लेथच्या सेंटरसाठी कारखान्यानं केलेला खळगा तिथे असतोच, त्यामुळे ड्रिल मध्य सोडत नाही. मूळपण जपणारे काही मालक कुरकुरतात. त्यांची माया मला कळते, तरी या बाबतीत मी त्यांचं ऐकत नाही.

चावी खाचेत बसवल्यावर तिची पाठ शाफ्टशी समांतर आहे ना, हे वाकून पाहावं लागतं. अर्धचंद्र असल्यानं ती खाचेत झुलते. मागचं टोक वर राहिलं तर हब अर्ध्या वाटेत अडतो. ऑइल सील जिथे घासतं त्या पट्टीवरून नख फिरवायचं. नख अडलं तर चर पडलेला आहे, तिथे स्लीव्ह हवी. गॅसच्या ज्योतीवर हब तापवू नये, रबर जळतं. उकळतं पाणी पुरे. ३० मिलिमीटरचं भोक ७० अंशांनी तापलं की सुमारे ०.०२५ मिलिमीटरनं वाढतं. आकडा क्षुल्लक वाटेल, पण सगळा खेळ तेवढ्याच फटीचा आहे.

हब पुसून कोरडा केला की आट्यांत स्टड पूर्ण खोल घालायचा, मग हब, जाड वॉशर, बॉल थ्रस्ट बेअरिंग आणि नट. पाना फिरवताना हाताला एकसारखा जोर लागला पाहिजे. हे कुणाला सांगून शिकवता येत नाही. पोराचा हात पान्यावर ठेवून, वर आपला हात ठेवूनच दाखवावं लागतं. जोर एकदम वाढला तर चावी आडवी आली. एकदम सुटला तर भोक झिजलेलं आहे, मग कितीही उशीर झालेला असो, हब उतरवून पुन्हा माप घ्यायचं. मागच्या टायमिंग गिअरला हब टेकला की पाना थांबतो, आणि तो थांबा हाडाला हाड लागल्यासारखा कळतो.

मग डायल गेज. क्रँकची मागेपुढे होणारी हालचाल हब चढवण्याआधी मोजून लिहिलेली असते. आताचा आकडा तिच्याशी जुळला तर स्टड काढायचा आणि त्याच आट्यांत जाड वॉशरसकट बोल्ट घालून टॉर्क रेंचनं आवळायचा.