जबड्याचा कोन

रायफलीवर दुर्बीण बसवायचा सेकंड हॅंड स्कोप माउंट हातात आला की मी आधी बोल्ट बघत नाही, रायफलीला धरणारा त्याचा जबडा बघतो. आटे गेलेले असतातच, ते कुणालाही दिसतात. ते का गेले, हे जबड्याच्या आतल्या बाजूवर कळतं.

माझं वर्कशॉप सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. रोजचं काम मागाच्या सुट्या भागांचं. आसपास चादर आणि टॉवेलचे पॉवरलूम दिवसभर खडखडत असतात, त्यांचं काहीतरी रोज झिजतं आणि आमच्या लेथवर येतं. रायफलीशी आमचा तसा संबंध नाही. पण 2024 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, तेव्हापासून इकडची पोरंही एअर रायफलीबद्दल विचारू लागली. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, बारीक भोकातून नेम धरायची साइट असते. घरच्या सरावाला मात्र पोरं हौसेनं स्कोप लावतात.

परवान्याच्या बंदुकीला मी हात लावत नाही. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे तिच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. एका पोराने आणलेली रायफल 4.5 मिलिमीटर बोअरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. आणि काम होतं फक्त माउंटचं. रायफल, स्कोप, माउंट सगळंच वापरलेलं. पोरगा म्हणाला, "मामा, ह्याला नवीनच माउंट घ्यावं लागतंय का ओ? कितीबी आवळलं तर मागं सरकतंय."

मागे सरकतं, हे त्याने अगदी बरोबर पाहिलं होतं. स्प्रिंगच्या एअर रायफलीत ट्रिगर ओढला की आतला पिस्टन जोरात पुढे जातो आणि रायफल मागे येते. लगेच पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, तशी रायफल झटक्याने पुढे जाते. वरच्या जड स्कोपला तेवढ्या चपळाईने पुढे जाता येत नाही, म्हणून प्रत्येक गोळीला तो रायफलीवरच्या रेलवर केसभर मागे राहतो. मागाच्या फणीचंही असंच. ती एकदा पुढे, एकदा मागे, दिवसभर उलटसुलट धक्के देते. माझे वडील मिलमध्ये जॉबर होते. ढिला झालेला नट दिसला की ते पान्हा न उचलता आधी नटाखालची बैठक बघत. बैठक सपाट नसेल तर कितीही आवळा, पाळी संपेपर्यंत तो सुटणारच.

माउंट सोडवला. रायफलीच्या रेलला निळा मार्किंग कलर लावला, जबडा हाताने बसवला आणि काढला. निळा रंग जबड्याच्या आत एका बारीक रेघेपुरताच उठला. रेल 11 मिलिमीटरची, हे दोन्हींवर जुळत होतं. पण रेलच्या कडेचा उतार होता 60 अंशांचा, जबड्याची खाच 45 अंशांची. बाजारात 11 मिलिमीटर एवढंच विचारतात, कोन कुणी विचारत नाही. विकणाऱ्यांनी तो पाकिटावर छापायला हवा, असं माझं ठाम मत आहे. रेघेवर धरलेला माउंट सरकणार. सरकला की माणूस आवळणार. ॲल्युमिनिअममधले एम-4 चे आटे किती सोसणार? नवीन माउंट आणला असता आणि त्याचाही कोन असाच असता, तर महिन्यात त्याचीही हीच गत झाली असती.

तिकोनी कानशीचा कोन 60 अंशच असतो. तिच्या एका बाजूचे दात ग्राइंडरवर उडवले, म्हणजे खाचेचा तळ खरवडला जाणार नाही. मग निळा लावायचा, बसवायचा, काढायचा, जिथे रंग उठला तिथेच कानस फिरवायची. हे काम मिलिंगवर झटकन होतं. मी हाताने केलं, कारण कारखान्यात बनलेली रेलसुद्धा टोकापासून टोकापर्यंत एकसारखी नसते आणि हा जबडा मला याच रेलवर बसवायचा होता. निळा रंग सगळ्या उतारावर सारखा पसरला तेव्हा थांबलो.

 गेलेल्या आट्यांच्या जागी स्टेनलेस तारेची स्प्रिंग बसवून एम-4 चेच आटे नवे केले. ॲल्युमिनिअममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या दीडपट तरी आत जायला हवा, म्हणून जुन्यापेक्षा थोडे लांब बोल्ट घेतले.

स्कोप धरणाऱ्या दोन कड्यांपैकी पुढच्या कडीखाली कुणीतरी पत्र्याचा तुकडा सारला होता. दोन कड्यांमध्ये 100 मिलिमीटर अंतर. एक कडी झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे 0.1 मिलिमीटर उचलली गेली, तर 10 मीटरवर नेम 10 मिलिमीटर हलतो. पत्रा काढून टाकला. 25.4 मिलिमीटरचा सरळ रॉड दोन्ही कड्यांत ठेवून, गॅरेजवाले व्हॉल्व्हला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट लावून घासला, तेव्हा कड्या एका ओळीत आल्या. स्कोपच्या नळीवरचे जुने चट्टे तसेच राहिले. त्यांनी काही बिघडत नाही.

रेलवर मागच्या बाजूला स्टॉप पिनसाठी भोक होतं, पिन मात्र मोडून गेलेली. ती नवी करून बसवली. बोल्ट आवळताना ॲलन कीची लांब दांडी बोल्टात आणि आखूड दांडी बोटांत धरायला त्याला शिकवलं. कड्यांच्या बोल्टांना दोन न्यूटन-मीटरच्या आतच जोर पुरतो. माउंट आणि रेल दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली आणि त्याला सांगितलं, ही रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट आवळू नकोस. रायफल खाली ठेव आणि माउंट घेऊन ये.