चार बोटांची पोकळी

पोरं माप बोटांनीच घेतात. टायरच्या वर आणि मडगार्डच्या खाली चार बोटं घालून दाखवतात आणि सांगतात, "काका, हय दोनच बोटां ऱ्हवाक व्हयी." गाडी स्विफ्ट असते, पोलो असते, कधी आय-ट्वेंटी. मोबाइलवर परदेशातल्या एखाद्या बसलेल्या गाडीचा फोटो तयार असतो. ती छान दिसते, यात वाद नाही. गाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून काम करण्यात माझी उमर गेली तरी मलाही ती छानच दिसते. पण मी उलटा प्रश्न टाकतो, "चतुर्थीक गाडयेत कितकी माणसां असतत?"

"सगळीच," असं उत्तर येतं, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

ती पोकळी चाकाला वर जायला ठेवलेली असते. समजा, एका छोट्या गाडीत चाक बंप स्टॉपला, म्हणजे वरच्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत ८० मिलिमीटर वर जाऊ शकतं. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली की उरले ५०. खड्ड्याचा तोच दणका एवढ्याशा जागेत जिरवायचा, तर स्प्रिंग किती कडक हवी? हिशेब वर्गाचा आहे. ८० भागिले ५० म्हणजे १.६, त्याचा वर्ग २.५६. म्हणजे अडीचपट. बाजारात मिळणारी लोअरिंग स्प्रिंग मूळच्या स्प्रिंगपेक्षा फार तर पंचवीस-तीस टक्के कडक असते, कारण अडीचपट कडक स्प्रिंगवर मालवण ते कसाल गाडी चालवून कोणी परत येणार नाही. मग उरलेला दणका झेलतो तो बंप स्टॉप, आणि त्याच्यामागे स्ट्रटचा माउंट. सहा महिन्यांनी "पुढून खटखट वाजता" म्हणून गाडी येते, ती यामुळे.

म्हणून स्प्रिंग निवडताना मी 'किती खाली येईल' हे शेवटी बघतो. आधी बघतो, घरची सगळी माणसं बसल्यावर चाकाला वर जायला काय उरेल.

गतिरोधकाची गोष्ट वेगळी आणि थोडी गमतीची आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईत हवा. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.४५ मीटर. असा गतिरोधक ओलांडताना गाडी बरोबर मध्यावर आली, तर चारही चाकं त्याच्या उतारावरच असतात आणि पोटाखाली उंचवटा येतो तो जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. तीस कमी केले तरी सुखाने जाईल. पण असा गतिरोधक बघायला मिळाला पाहिजे ना! आमच्याकडे शाळेसमोर, देवळासमोर, कधी नुसत्या कोणाच्या आग्रहावरून हातभर रुंद आणि वीतभर उंच उंचवटे उठतात. त्यांच्यावर पाचजणांची स्विफ्ट चढली की इंजिनखालचं चेंबर घासलंच समजा. रस्ता मापाचा नाही, म्हणून गाडीचं माप सांभाळावं लागतं.

कारखान्यांनाही हे कळतं. फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आणली, रांजणगावला बनलेली, १४५ अश्वशक्तीची. साध्या पुंटोपेक्षा मुद्दाम खाली बसवलेली. तरी तिचा क्लिअरन्स १५५ मिलिमीटर ठेवला होता. विंचवाचं चिन्ह मिरवणारी गाडी इथेच थांबली, यात मला शहाणपण दिसतं.

पोलोवाल्यांना एक वेगळी सूचना द्यावी लागते. चाकणला बनलेली पोलो आपल्या रस्त्यांसाठी युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती. आयबाक, एच अँड आर या जर्मन स्प्रिंगा उत्तम, पण त्यांच्या खोक्यावरचे '३० मिलिमीटर' हे युरोपातल्या उंचीवरून मोजलेले. इथे त्याच बसवल्या तर गाडी सांगितल्यापेक्षा जास्त खाली येते, आणि गिऱ्हाईक सुरुवातीला खूश होतं! नंतर आंबोली घाटात कळतं. पुढचा लोअर आर्म चाकाकडे थोडा खाली उतरता असतो. गाडी फार बसली की तो उलटा कलतो. मग वळणावर बाहेरचं चाक वरच्या अंगाने बाहेर झुकायला लागतं आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलंडते. घाटात मस्त पळावी म्हणून खाली घेतलेली गाडी घाटातच मागे पडते.

जुन्या शॉकअपवर नवी स्प्रिंग मी बसवत नाही. स्प्रिंग तीस टक्के कडक झाली तर तिची उसळी आवरायला शॉकअपची पकड साधारण चौदा टक्के वाढायला हवी. थकलेल्या शॉकअपची तर होती तीही गेलेली असते. होडी लाटेवर डुलते तशी गाडी डुलत राहते. पुष्कळदा मी आधी चांगले शॉकअप, नवे बुश आणि बरे टायर एवढंच करून गाडी फिरवून आणायला सांगतो. निम्मी पोरं तिथेच गप्प होतात, कारण त्यांना हवी होती ती पकड आणि ती मिळालेली असते.

आणि ग्राइंडरने स्प्रिंग कापून आणणाऱ्यांशी माझं जमत नाही. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हे खरं. पण टोक बैठकीत बसत नाही, आणि जॅकवर गाडी उचलली की स्प्रिंग हाताने फिरते. खड्ड्यात चाक लोंबलं की तेच होतं. गॅसने तापवून बसवलेली तर त्याहून वाईट. पोलादाचं पाणीच उतरतं.

सरकारी बाजूही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. बसवण्याआधी ओरोसच्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून ये, असं मी तोंडावर सांगतो. न विचारता आलेल्याचं काम माझ्याकडे होत नाही.

आता इथल्या हवेचं, ती स्प्रिंगची तार खाते. तारेची जाडी १२ वरून १३ मिलिमीटर झाली तर कडकपणा जवळजवळ ३८ टक्के वाढतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. गंजाने तार झिजली की तोच घात उलटा फिरतो, आणि गंजाच्या खड्ड्यातून चीर सुरू होते. खारी हवा, जांभ्याची लाल माती आणि खालच्या बैठकीत साचणारं पाणी. स्प्रिंग तुटते ती बहुतेक तिथेच, शेवटच्या वेटोळ्यात. वरचा रंग एका खडीच्या माराने उडाला तरी पुरतं. म्हणून पावसाळा संपला की चाक काढून खालचं वेटोळं ब्रशने घासून बघायचं. पापुद्रे सुटत असतील तर डावी-उजवी जोडीनेच बदलायची, एकटी नाही. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगा तेल लावून गोणपाटात ठेवायच्या, भंगारात द्यायच्या नाहीत. गाडी विकताना घेणारा आधी त्याच मागतो.