शेजाऱ्याची फोडणी

शेजारी आज काय शिजते आहे हे कळायला त्यांच्या स्वयंपाकघरात डोकवावे लागत नाही. फोडणीचा वास भिंतीला जुमानत नाही. लसूण करपला की आपण ओट्यावर बसल्या बसल्या निकाल देतो, ‘आज सूनबाई रागावलेली दिसते!’ वास खरा असतो. सूनबाईचा राग मात्र आपल्या पदरचा.

आकाशातल्या शेजाऱ्यांचा तपास शास्त्रज्ञ काहीसा असाच करतात. दूरचा एखादा ग्रह आपल्या ताऱ्यापुढून सरकतो, तेव्हा थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो. त्यातले ठरावीक रंग प्रत्येक वायू गिळतो. हरवलेल्या रंगांवरून वायू ओळखायचा.

अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठाल तेव्हा घटकाभर आकाश पाहा. वढू बुद्रुकसारख्या, संभाजी महाराजांच्या समाधीच्या गावी, शेताच्या बांधावर उभे राहता आले तर उत्तमच. नैर्ऋत्येला मृग कललेला असेल. त्याच्या पायाशी, शशक तारकासमूहात, १९ प्रकाशवर्षांवर ग्लिझ २२९ हा तारा आहे. त्याच्याजवळचा एक अंधूक गोल १९९५ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणला. ना धड तारा, ना धड ग्रह! त्याच्या प्रकाशात मिथेनची खूण होती. आपल्याकडे हा वायू गुरांच्या पोटातून, भातखाचरांतून निघतो. तिथे ना गाय, ना भात. नुसती तापलेली भट्टी. आणि २०२४ साली तो एक गोलही दोन निघाले!

आता पूर्वेला मघा पाहा. त्याच सिंह राशीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका ताऱ्याभोवती, १२४ प्रकाशवर्षांवर के२-१८बी हा ग्रह फिरतो. जेम्स वेब दुर्बिणीतून निक्कू मधुसूदन यांच्या चमूला २०२३ साली तिथे मिथेन व कार्बन डायऑक्साइड आढळले. २०२५ साली त्यांनी डायमिथिल सल्फाइडची चाहूल लागल्याचे सांगितले. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे होतो. झाले! शेजारी राहायला आले, अशी आवई उठली. इतर शास्त्रज्ञांनी तीच मोजमापे पुन्हा तपासली आणि शंका काढल्या.

मला या शंकेखोरांचा राग येत नाही. एवढ्या मोठ्या आळीत एकट्या आपल्याच घरी चूल पेटावी, ही कल्पना मलाही सोसवत नाही. पण जे उत्तर मनापासून हवे असते, तेच दोनदा पारखून घ्यावे. शिवाय आज आपण हाक घातली, तर तिकडून ‘ओ’ यायला २४८ वर्षे लागतील. अशा शेजाऱ्याच्या बाबतीत घाई ती कसली?