कुट्टीच्या तोंडाशी

संगमनेर हा दुधाचा तालुका. प्रवरेकाठच्या गोठ्यांत विजेवरची कडबाकुट्टी सुरू होते. मका, वाढे, घास आत जातो आणि तुकडे होऊन बाहेर पडतो. खरा धोका पात्यांच्या आधीच असतो. वैरण ओढणारे दातेरी रूळ बोटे, बांगडी, पदराचे टोकही तसेच ओढतात.

मळणीयंत्रांतही असेच हात तुटू लागले, तेव्हा १९८३ साली देशात धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला. गोठ्यातली खबरदारी मात्र घरच्यांनाच घ्यावी लागते.

चारा सारायची जागा लांब आणि वरून झाकलेली हवी, मोटारीच्या पट्ट्यावर जाळी हवी. अडकलेली वैरण काढताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. कुट्टीचे काम बहुधा बायकांकडे, तेही भल्या पहाटे. तिथे आधी चांगला दिवा लावा.