अर्ध्या दिवसाचा खाडा

जालना जिल्हा पोलाद, बियाणे आणि मोसंबी यांसाठी ओळखला जात असला, तरी कामगार नेमून न दिलेले काम आपणहून का करतो, हा प्रश्न तेथील डाळमिलच्या वाळवणाच्या ओट्यावर ठळकपणे उभा राहतो. अशा ऐच्छिक मदतीला अमेरिकी अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८८च्या ग्रंथात ‘संघटन-नागरिकत्व वर्तन’ म्हटले. त्यापूर्वी १९८६मध्ये रॉबर्ट आयझेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पाठबळाची जाणीव’, म्हणजे संस्थेला आपली कदर व काळजी आहे हा कामगाराचा विश्वास, ही संकल्पना मांडली होती.

तेल-पाणी लावलेली तूर काही दिवस उन्हात वाळवावी लागते आणि अवकाळी पाऊस नेमका त्याच वेळी गाठतो. प्रस्तुत लेखक जेथे हजेरी लिहीत असे, त्या मिलमध्ये अशाच एका संध्याकाळी डाळ निवडणाऱ्या स्त्रिया सुटी होऊन फाटकापर्यंत गेल्या असताना थेंब पडू लागले; कोणी हाक मारण्याआधीच त्या मागे फिरल्या, त्यांनी ताडपत्र्या ओढल्या आणि वाऱ्याने कडा उचलू नयेत म्हणून दाबाला पोती येईपर्यंत त्यांवर त्या भिजत बसून राहिल्या. त्याच आठवड्यात त्यांपैकी एक जण तापलेल्या मुलाला दवाखान्यात दाखवून पाऊण तास उशिरा आली, तेव्हा मालकाच्या नियमानुसार तिच्या नावापुढे अर्ध्या दिवसाचा खाडा पडला. तिने पैशांवरून वाद घातला नाही. भिजत बसलेला तास कोणत्या रकान्यात लिहिला, एवढेच विचारले. हजेरीपटात तसा रकाना नव्हता आणि खाडा लिहिणारा हात प्रस्तुत लेखकाचा होता, हे आजही सलते. कारखाने अधिनियमातील पाळणाघराची अट तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होती. त्याहून लहान मिलमध्ये आजारी मुलाचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर राहतो, म्हणून तासाभराची सवलत देण्याचा अधिकार मुकादमाला तरी असावा.

पुढच्या पावसात बहुतेक स्त्रिया शेडखालून हलल्या नाहीत, त्यामुळे पाठबळ आटले की मदतही आटते, हे सिद्ध झाल्यासारखे वाटले. परंतु जिचा खाडा पडला होता, तीच धावली आणि कारण विचारता “अन्न भिजत होतं” एवढेच म्हणाली. तेव्हा तो सिद्धान्त अपुरा वाटू लागला, तरीही अन्नाविषयीची ही माया कामगार घरूनच घेऊन येतात असे म्हणून मालकाला मोकळे सोडणे लेखकाला मान्य नाही.