पोफळी पडल्या, परस उभा राहिला

दापोलीहून आसूदचा उतार उतरून मुरूड-हर्णैकडे निघालात की हवा एकदम बदलते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माडा-पोफळींची आगरं सुरू होतात आणि पानांआडून कुठेतरी समुद्राचा आवाज येतो. (हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे बरं का, महर्षी कर्व्यांचं!) आपण शहरातल्या बायका इथे येतो त्या समुद्र बघायला, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला, नाहीतर केशवराजाच्या पायऱ्या चढायला. पण मी म्हणते, कधी कुणाकडे उतरलात तर जरा मागच्या दाराने बाहेर पडा.

माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी ओलांडली की मोरी, विहीर आणि तिच्याभोवती परस. आगर त्याच्याही पलीकडे. आगर हे हिशेबाचं: सुपारी किती झाली, नारळ किती शेकडा उतरले. परस मात्र घरच्या बाईचं. इथली वांगी बाजारात जात नाहीत, म्हणून वहीतही चढत नाहीत. मोरीच्या ओलाव्यावर माजलेलं अळू, पातोळ्यांपुरती हळद, चार मिरच्या, गवती चहाचं एक बेट, कढीलिंब. पावसात यात भर पडते पडवळ, शिराळी, काकडी, भेंडी यांची. आणि थंडी लागली की लाल माठ, मुळा, वाल!

माझ्या थोरल्या वन्संचं घर याच पट्ट्यात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली तालुकाही त्याने झोडपून काढला. वन्संचे यजमान आदल्याच वर्षी गेलेले, मुलगा ठाण्याला, त्यात टाळेबंदी. कुणी कुणाकडे जाऊ शकत नव्हतं. काही तासांत घराची कौलं उडाली आणि सासऱ्यांच्या हातच्या पोफळी एकमेकींच्या अंगावर आडव्या झाल्या. वीज कित्येक दिवस नव्हती. पुढे फोन लागला तेव्हा वन्सं एवढंच म्हणाल्या, "पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, माडाला त्याहून जास्त. मी आता पासष्टीची. मी कशाला लावू?"

त्यांचं जेवण तुटलं होतं. झोप नव्हती. आपल्यापैकी कितीजणींनी हे जवळून पाहिलं असेल! माणूस तक्रार करत नाही, रडत नाही, नुसतं ओटीवर बसून राहतं.

पण वादळानंतर चार दिवसांनी मृग लागला. कोकणात मृगाच्या पावसावर वेल लावायचे, हे ठरलेलंच. पडवळाचं, काकडीचं बी राखेत घोळून फळीवरच्या मडक्यात होतं, ते भिजलं नव्हतं. वन्संनी विहिरीकडेला आळी केली. गड्याने पडलेल्या पोफळी चिरून दिल्या, त्यांचाच मांडव झाला. ज्या झाडांकडे बघवत नव्हतं, त्यांच्यावर वेल चढू लागले.

"अगं, वेलाला कुठे ठाऊक वादळ झालंय ते!" वन्सं मला नंतर सांगत होत्या. "सकाळी दोरी दिली नाही, तर दुपारी तो भलतीकडे गेलेला असतो. उठावंच लागतं मेलं!"

पडवळ कोवळं असताना त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधतात, म्हणजे ते वळत नाही, सरळ उतरतं. रोज कुठल्या पडवळाला दगड बांधायचा, कुणाचा सोडायचा, हे बघता बघता त्यांचा सकाळचा तास जाऊ लागला. मग त्या मला फोनवर भेंड्या मोजून सांगायला लागल्या. त्या वर्षी २३ ऑगस्टला ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलंच चालतं, हा त्या दिवशीचा नेम. अळू, भेंडी, शिराळी, पडवळ, भोपळा, सगळं वन्संच्या परसातलं! शेजारच्या दोन घरीही त्यांनी भाजी धाडली.

आता गैरसमज नको. भाजी लावली की दुःख जातं, असं मी म्हणत नाही. वन्संची रक्तदाबाची गोळी चालूच आहे आणि ती चालूच राहायला हवी. पण सकाळचं ऊन, थोडं वाकणं-बसणं, मातीतले हात, आणि आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय ही जाणीव, यांनी भूक परत आली हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढल्या वर्षी त्यांनी पोफळीची रोपंही लावली, न विचारता.

सगळं गोडच आहे असंही नाही. वानरांचा उपद्रव इतका, की पलीकडच्या बाईंनी कंटाळून परसच मोडला. वन्संनी हर्णै बंदरातून जुनं जाळं आणून मांडवावर टाकलंय. मुलगा म्हणतो, कायमच्या ठाण्याला या. त्याचंही चुकत नाही. रात्रीबेरात्री काही झालं तर? सध्या वन्सं वैशाखात त्याच्याकडे जातात, तेवढे दिवस शिंपण गडी बघतो, आणि मृगाच्या आत त्या परत येतात.

तुमच्या घरामागे चार हात जागा असेल, तर पडवळाच्या मांडवापासून सुरुवात करू नका. चार-पाच तास ऊन येईल तो कोपरा धरा. मोरीपाशी वडीचं अळू लावा. त्याला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घाला, साबणाचं नको. आणि पावसाचा जोर ओसरला की एक वाफा लाल माठाचा. महिन्याभरात ताटात येतो, त्यामुळे धीर सुटत नाही. निघताना वन्संनी मला पुडी बांधून दिली, तेव्हा बजावलं ते तुम्हालाही सांगते. माठाचं बी मोहरीहूनही बारीक असतं. मूठभर कोरड्या रेतीत मिसळून मगच फेकायचं, नाहीतर एकाच जागी गर्दी होते. वरून मातीचा अगदी पातळ थर. पाणी तांब्याने ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं.