अर्ध्या मात्रेची डागडुजी

तारवाद्याचा नाद विजेच्या साहाय्याने मोठा करावयाचा झाल्यास तो वाद्याच्या कोणत्या भागातून उचलावा, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण कंप पावणारी तार आणि त्या कंपाने थरथरणारे लाकूड या दोन ठिकाणी एकाच स्वराची दोन निराळी रूपे वावरत असतात. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे घेऊन तयार केलेला चुंबकीय पिकअप हा केवळ पोलादी तारेची हालचाल टिपतो. याउलट लाकडाला चिकटवलेली पिएझो चकती दाबातील बदलाचे विजेत रूपांतर करते, आणि म्हणून तारेबरोबरच नखीचा आघात, पट्टीचा ठोका व पेटीचा घुमारा हेही तिच्यात उतरते. तिच्यामागील तत्त्व प्येर आणि जाक क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवून दिले होते. ही दोन रूपे हव्या त्या प्रमाणात मिसळता यावीत यासाठी काही गिटारवादक पॅनिंग पेडलची, म्हणजे एक ध्वनी डाव्या व उजव्या कर्ण्यांत पायाने वाटून देणाऱ्या साधनाची, जोडणी उलटी करून घेतात. मराठवाड्यात मात्र या युक्तीची खरी गरज गिटारपेक्षा बेंजोला आहे.

येथे बेंजो म्हणजे वरातीत आणि मिरवणुकीत वाजणारे, टंकलेखन यंत्रासारख्या पट्ट्यांचे, विद्युत बुलबुलतरंग हे वाद्य अभिप्रेत आहे. त्याचा पूर्वज ताइशोगोतो हे वाद्य 1912 मध्ये जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी घडवले. ते भारतात आले, येथे त्याला नवे आकार मिळाले, पिकअप बसले, आणि ढोल-ताशा व कीबोर्ड यांच्या सोबतीने ते महाराष्ट्राच्या रस्त्यांवर स्थिरावले. शास्त्रीय संगीताच्या बैठकीने मात्र त्याला जवळ केले नाही आणि ‘कर्कश’ हा शेरा त्याच्या नावामागे कायमचा चिकटला. प्रस्तुत लेखकाला हा शेरा दीर्घकाळ सलत आला आहे.

नांदेडच्या वजिराबाद भागातील एका दुरुस्तीच्या दुकानात अलीकडेच राळेच्या धुराचा वास नाकात शिरला. कथलाचा डाग देताना, म्हणजे दोन तारा वितळलेल्या धातूने जोडताना, असा धूर निघतो. त्या वासासरशी लातूरच्या गंजगोलाईजवळची एक जुनी वरात मनात जागी झाली. टेम्पोवर उभा असलेला बेंजोवादक डाव्या हाताने पट्ट्या दाबत आणि उजव्या हाताने नखी चालवत असताना आवाज एकाएकी बोचरा झाला. तो सावरण्यासाठी त्याने पट्ट्यांवरचा हात उचलून बटण फिरवले आणि तेवढ्यात अर्धी मात्रा रिकामी गेली. नाचणाऱ्यांची पावले अडखळली, कोणी तरी ओरडले, आणि वादकाने मान खाली घातली. चूक त्याची नव्हती, कारण दोन्ही हात वाद्यात गुंतलेल्या माणसाजवळ तिसरा हात नसतो.

ती अर्धी मात्रा कशामुळे गेली, याचा शोध घेतला असता दोष वादकाकडून वाद्याकडे आणि वाद्याकडून जोडणीकडे सरकत जातो. सर्वसाधारण पिएझो चकतीची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, 15 नॅनोफॅरडच्या आसपास असते. ती चकती 10 किलोओम रोध असलेल्या मिक्सरच्या प्रवेशात थेट खुपसली, तर सुमारे 1000 हर्ट्झखालचे स्वर उत्तरोत्तर क्षीण होत जातात आणि उरतो तो पट्ट्यांचा खडखडाट व तारेचा वरचा किणकिणाट. ज्याला श्रोता वाद्याचा कर्कशपणा समजतो, त्याचा बराचसा भाग असा रोधाच्या विजोडपणातून उपजलेला असतो. चकती आणि चुंबकीय पिकअप यांच्या तारा नुसत्या एकत्र पिळल्या तर स्थिती आणखी बिघडते: वेढ्यांचा अल्प रोध चकतीचा खर्ज गिळतो आणि चकतीची धारकता पिकअपचा तार भाग दाबून टाकते, त्यामुळे दोहोंतून मिळणारा आवाज कोणा एकाचाही राहत नाही.

यावरचा उपाय पेडलच्या पोटात आहे. पॅनिंग पेडलमध्ये पायाच्या दाबाने फिरणारा दुहेरी पॉट असतो, म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन बदलते रोधक, ज्यांतील एक वर जात असताना दुसरा खाली येतो. मूळ रचनेत एकच ध्वनी दोन्ही पॉटच्या तोंडाशी पोचतो आणि दोन सॉकेटांतून बाहेर पडतो. फेरबदल करताना दोन्ही तोंडांमधील जोडतार तोडावी, एका तोंडाला चुंबकीय पिकअप व दुसऱ्याला पिएझो द्यावा, आणि बाहेर पडणाऱ्या दोन्ही वाटा प्रत्येकी 10 किलोओमच्या रोधकातून नेऊन एकाच सॉकेटात आणाव्यात. गंजगोलाईच्या गोलाकार बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात, तरी एका रस्त्याची वर्दळ उलटी दुसऱ्या रस्त्यात शिरू नये याची जी काळजी घ्यावी लागते, तीच येथे हे रोधक घेतात.

मात्र त्याआधी प्रत्येक पिकअपला स्वतंत्र बफर हवा. बफर म्हणजे ध्वनी न वाढवता त्याच्यामागे बळ उभे करणारे मंडल. टीएल 072 या आठ पायांच्या आयसीमध्ये असे दोन प्रवर्धक एकत्र मिळतात, त्यामुळे एक आयसी व 9 व्होल्टची एक बॅटरी एवढ्यावर दोन्ही पिकअपांची सोय होते. चुंबकीय बाजूला 1 मेगाओमचा आणि पिएझो बाजूला 10 मेगाओमचा प्रवेशरोध ठेवला की चकतीने गमावलेला खर्ज परत येतो. दोन्ही पिकअप एकत्र ऐकताना आवाज पोकळ वाटला, तर एकाचे कंपन वर जात असताना दुसऱ्याचे खाली जात आहे असे समजावे. वेष्टण निराळे असलेल्या चुंबकीय पिकअपची दोन टोके उलटवली की हा दोष जातो.

पेडलच्या मध्यबिंदूचा विचारही आवश्यक आहे. ध्वनी पडद्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकवणारे पॅनोरॅमिक पोटेन्शिओमीटर डिस्नेच्या अभियंत्यांनी 1940 मधील ‘फँटासिया’ या चित्रपटाच्या फँटासाउंड पद्धतीसाठी वापरले, आणि त्या घराण्यातील अनेक साधनांत मध्यभागी दोन्ही बाजू प्रत्येकी 3 डेसिबलने खाली ठेवतात, कारण दोन कर्ण्यांची शक्ती खोलीत एकत्र येते. एकाच तारेत मिसळताना मात्र विद्युतदाबांची सरळ बेरीज होते, आणि दोन्ही ध्वनी अगदी सारखे असतील तर मध्यभागी तितकाच उंचवटा तयार होतो. बेंजोचे दोन पिकअप एकसारखे ऐकत नसल्याने प्रत्यक्षात तो कमी भरतो. अशा पेडलवर टाच दाबली की तारेचा गोडवा पुढे येतो, चवडा दाबला की पट्टीचा ठोका, आणि हात पट्ट्यांवरून हलत नाहीत. लातूरच्या त्या टेम्पोवर हे साधन असते, तर ती अर्धी मात्रा वादकाच्या हातून निसटली नसती.

वाद्याचा नाद जुळवणाऱ्या कारागिरांचा विषय निघाला की मिरजेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो.   मिरजेची ख्याती वाद्यांची आहे. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तारवाद्ये घडवण्यास आरंभ केला, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, जुळवणाऱ्या कारागिराला समाज कलावंत मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पिएझोचा प्रवेशरोध बदलून वाद्याचा हरवलेला खर्ज मिळवून देणाऱ्या माणसाचे काम त्याच जातीचे असूनही त्याची गणना रेडिओ दुरुस्त करणाऱ्यात होते, आणि त्याच्या दुकानावर वाद्याचे नावही नसते. धाग्याने साधलेला नाद आणि कथलाने साधलेला नाद यांत उच्चनीच ठरवण्यास कोणताही सांगीतिक आधार नाही.

नांदेड व लातूरच्या बाजारांत असे कारागीर आजही आहेत आणि त्यांच्या बाकावर राळेचा धूर निघतो. बेंजो पथकांनी नव्या कर्ण्यांवर पैसा ओतण्यापूर्वी आपले वाद्य एकदा त्यांच्यापुढे ठेवावे, बफर बसवून घ्यावा, पेडल जोडून घ्यावे. आणि श्रोत्यांनी वाद्याला कर्कश ठरवण्यापूर्वी ते कोणत्या रोधातून ऐकू येत आहे याची चौकशी करावी. बेंजो कर्कश नाही. त्याची जोडणी आजवर फारशी कोणी नीट केलेली नाही.